कॉलेजची फी वेगळी, कॉलेजचा खर्च वेगळा: सोलापूरकरांनी ॲडमिशनआधी करायचा हिशोब

निकाल लागला की घरात एकच प्रश्न असतो, "फी किती हाय?" काउंटरवरचा क्लार्क एक आकडा सांगतो, तो घेऊन आईवडील घरी येतात, भिशी उचलायची का सोनं ठेवायचं याचं ठरतं, ॲडमिशन होतं, आणि दिवाळीपर्यंत कळतं की जेवढी फी सांगितली होती जवळजवळ तेवढाच खर्च कॉलेजच्या बाहेर होतोय आणि जी स्कॉलरशिप धरली होती ती फीच्या एकाच भागाला लागू आहे. दरवर्षी आमच्या गल्लीत जून ते ऑगस्ट पोरांचे फॉर्म भरायला बसतो तेव्हा हेच बघतो, आणि खरं सांगतो, यात पोरांची किंवा आईवडिलांची चूक नसते, त्यांना कुणी पूर्ण चित्रच दाखवलेलं नसतं. ज्यांच्या घरातलं पहिलंच पोरगं किंवा पोरगी कॉलेजला निघालीय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

सुरुवात फीच्या फोडीपासून

कॉलेजकडून एक आकडा घेऊ नका, फोड मागा, आणि लेखी मागा. इंजिनीअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक असलं काही असेल तर पावतीवर साधारण चार ओळी असतात. ट्यूशन फी म्हणजे शिक्षण शुल्क, डेव्हलपमेंट फी म्हणजे विकास शुल्क, परीक्षा फी, आणि मग "इतर" ज्यात जिमखाना, विमा, लायब्ररी डिपॉझिट, आयकार्ड, युनिफॉर्म असं बरंच काही असतं. या चार ओळी वेगळ्या का पाहिजेत? कारण सरकारची बहुतेक मदत पहिल्या आणि तिसऱ्या ओळीलाच असते. विकास शुल्क आणि "इतर" आपल्याच खिशातून जातं. पेपरात "मुलींना शिक्षण मोफत" असं वाचून काउंटरला गेलेल्या बापाला वीस हजार भरा म्हटलं की तो चिडतो, आणि चिडणारच, पण तो वीस हजार कुठून आला ते फोड बघितली की कळतं.

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्यानं. त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय मंजूर फी असते. कॉलेजनं सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. त्यावर डोनेशन म्हणून कुणी मागत असेल तर ते १९८७ च्या कॅपिटेशन फी विरोधी कायद्यानं बेकायदेशीर आहे. पावती न देता घेतलेला कुठलाही पैसा नंतर कुठंच दाखवता येत नाही, बँकेलाही नाही, म्हणून पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनी दुसरी गोष्ट विचारायची, तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित. एकाच कॉलेजात, एकाच गेटमधून आत गेल्यावर साध्या बीएस्सीची फी काही हजारात असते आणि ईसीएसची (कॉम्प्युटर सायन्सवाल्या बीएस्सीची) त्याच्या कितीतरी पट असते, कारण एकाला सरकारचं अनुदान आहे आणि दुसरा कोर्स कॉलेज स्वतःच्या खर्चानं चालवतंय. मैत्रिणीनं "त्या कॉलेजची फी कमीय" सांगितलं म्हणून तुमच्या कोर्सची पण कमी असेल असं धरू नका.

मग कॉलेजच्या बाहेरचा खर्च

वहीत उभी रेघ मारा, एका बाजूला सोलापुरात घरी राहून, दुसऱ्या बाजूला पुण्यात. आपल्याकडं पुण्याचं आकर्षण मोठं आहे आणि काही कोर्सेससाठी ते बरोबरही आहे, पण तुलना केल्याशिवाय ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म) भरू नका.

एक उदाहरण मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, तुमच्या कॉलेजचे खरे आकडे त्या जागी घाला. इंजिनीअरिंगची ट्यूशन फी १,००,०००, विकास शुल्क १२,०००, इतर ८,०००, परीक्षा फी ४,०००. एकूण १,२४,०००.

मुलगी आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, सीट मिळाली. तिला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, म्हणजे १,०४,००० गेले, राहिले २०,०००. आता घरी राहून शिकली तर सिटी बस किंवा गाडीचं पेट्रोल वर्षाला १२,०००, पुस्तकं-स्टेशनरी-झेरॉक्स ६,०००, किरकोळ ५,०००. झाले ४३,०००. पुण्यात गेली तर तेच २०,००० अधिक रूम आणि मेस मिळून महिना ९,५०० धरले आणि दहा महिने धरले तर ९५,०००, तिथली बस आणि सणावाराला हुतात्मा एक्सप्रेसनं येणं-जाणं १०,०००, पुस्तकं ६,०००, मोबाइल-औषधपाणी-किरकोळ १०,०००. झाले १,४१,०००. चार वर्षांत एकदा ४५,००० चा लॅपटॉप दोन्हीकडं धरला तर सोलापूर २,१७,००० आणि पुणे ६,०९,०००. फी माफ झालेल्याच मुलीच्या दोन हिशोबात जवळजवळ चार लाखांचा फरक आला, आणि हा फरक भरून काढायला फीमाफीची योजना उपयोगाची नाही, त्याला वेगळी योजना लागते, ती पुढं सांगतो.

मुलीच्या जागी मुलगा असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फीचे निम्मे म्हणजे ५२,००० माफ, भरायचे ७२,०००. घरी राहून वर्षाचे ९५,०००, चार वर्षं आणि लॅपटॉप मिळून ४,२५,०००. पुण्यात ८,१७,०००. यात फी वाढ धरलेली नाही, म्हणून शेवटच्या आकड्यावर दहा टक्के तरी जास्त ठेवा.

मदत कुठपर्यंत मिळते

लोक इथंच सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून सावकाश वाचा. उत्पन्नाचे तीन आकडे लक्षात ठेवले की निम्मं काम होतं: २.५ लाख, ४.५ लाख आणि ८ लाख. हे आईवडील दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आहे. वडील लूमवर आणि आई बिड्या वळते तर दोघांचं धरायचं.

८ लाखांच्या आत असाल आणि ओपनमधले असाल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीच्या ५० टक्के. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या गटांत व्यावसायिक कोर्सला हे १०० टक्के झालं. पण अटी नीट बघा. ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, इन्स्टिट्यूट लेव्हल सीट यांना हे मिळत नाही, खाजगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांनाही नाही. "सीट घ्या, स्कॉलरशिप नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर आधी सीट कुठल्या कोट्यातली आहे ते विचारा. ईबीसीत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे, मध्ये दोन वर्षं किंवा जास्त गॅप नको, आणि दुसरी स्कॉलरशिप सोबत घेता येत नाही. बीसीए, बीबीए पण २०२४ पासून सीईटी आणि कॅपमध्ये आलेत, त्यामुळं त्या पोरांनीही सीईटी चुकवू नये.

एससी विद्यार्थ्यांचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, यात फी आणि वर निर्वाह भत्ता. इंजिनीअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला घरून येणाऱ्याला वर्षाला ७,०००, होस्टेलवाल्याला १३,५००. म्हणजे जास्तीत जास्त मदतीतही राहण्याखाण्याला वर्षाचे १३,५००, पुण्यात तेवढ्यात दोन महिनेही निघत नाहीत. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, त्यात ट्यूशन आणि परीक्षा फी मिळते, भत्ता मिळत नाही.

राहण्याखाण्याचा खड्डा भरायला वेगळ्या योजना आहेत आणि या फार कमी पोरांना माहीत असतात याचं मला खरंच वाईट वाटतं. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही अशा एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, पुण्यात शिकत असाल तर वर्षाला ६०,००० पर्यंत, इंजिनीअरिंग-मेडिकलला साहित्यासाठी वर ५,०००. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना तशीच आहे, पण प्रत्येक जिल्ह्याला संख्या ठरलेली आहे, त्यामुळं मार्क बघितले जातात. ओपनमधल्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, रक्कम शहराप्रमाणं बदलते. वरच्या हिशोबातल्या पुण्याच्या १,४१,००० मधून ६०,००० वजा करा, ८१,००० राहतात. कमी होतं, पण संपत नाही.

आपल्या शहरासाठी खास सांगायचं तर दोन गोष्टी. आई बिडी कामगार असेल, कार्ड असेल, सहा महिने काम दिसत असेल आणि घरचं महिन्याचं उत्पन्न १०,००० च्या आत असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आयटीआय, पॉलिटेक्निक, साध्या डिग्रीला वर्षाला ६,००० आणि प्रोफेशनल कोर्सला २५,०००. मी फॉर्म भरताना दरवेळी "कार्ड आहे का" हे आधी विचारतो, कारण कार्ड कपाटात साड्यांच्या खाली दडलेलं असतं, जुनं, कडा फाटलेलं, आणि आईला वाटत असतं ते फक्त दवाखान्यासाठी आहे. दुसरं, वडील सेंट्रिंग, गवंडी, फरशी, रंग असलं काम करत असतील आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना डिग्रीला वर्षाला २०,०००, इंजिनीअरिंगला ६०,०००, मेडिकलला १ लाख. त्यासाठी वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो आणि नोंदणी रिन्यू केलेली पाहिजे, सगळं त्या रिन्यूवरच अडतं.

बारावीला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल तर केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती, डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,०००, नंतर २०,०००. मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुली, निवड मेरिटवर.

आता यातली एक खुबी. बऱ्याच योजना एकत्र घेता येत नाहीत, म्हणून नाव मोठं बघून अर्ज करू नका, तुमच्या फीच्या फोडीवर लावून बघा. वरच्या उदाहरणातल्या मुलीला फीमाफीत १,०४,००० सुटतात, तिथं प्रगतीचे ५०,००० घेतले तर तोटा. पण हीच मुलगी शासकीय पॉलिटेक्निकला डिप्लोमाला असेल तर तिथं मूळ फीच काही हजार, मग माफीनं काय सुटणार? तिला प्रगतीचे ५०,००० कितीतरी फायद्याचे. वरच्या मुलाला बिडी कामगारचे २५,००० पेक्षा ईबीसीचे ५२,००० बरे, आणि त्याच घरातल्या बीएस्सीवाल्या बहिणीसाठी बिडी कार्ड कामाला येतं.

कागद आणि पैसा हातात येण्याची वेळ

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आपले सरकार सेवा केंद्रातून काढायचा, आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून एप्रिल-मे मध्येच नवा काढा. जूनमध्ये नॉर्थ तहसीलला काय गर्दी असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी, नॉन क्रिमिलेयर किंवा ईडब्ल्यूएस, रेशन कार्ड, मार्कशीट, गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यात व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, अकरावीतच अर्ज टाकलेला बरा.

बँक खात्याचं नीट ऐका. आधार "लिंक" असणं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) "सीडिंग" असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पैसे शेवटच्या सीडिंग झालेल्या खात्यात जातात. पोरं मध्ये कुठलं तरी नवीन मोबाइल खातं उघडतात, सीडिंग तिकडं जातं, आणि स्कॉलरशिप भलत्याच खात्यात पडते. महाडीबीटीवर (राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) फॉर्म भरला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या क्लार्ककडं जातो, मग खात्याकडं. मध्ये काही खोट निघाली तर "सेंट बॅक" येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर बाद. दर आठवड्याला लॉगिन करून बघा की.

आणि पैसा वेळेवर येत नाही हे धरूनच चला. बऱ्याचदा तो वर्ष संपत आल्यावर किंवा पुढच्या वर्षात येतो. एका कॉलेजात माझ्या ओळखीच्या पोराला माफीचा भाग पण आधी भर, स्कॉलरशिप आली की परत देतो असं सांगितलं होतं, त्या घरानं ते पैसे महिना ३ टक्क्यानं आणले, वर्षाला ३६ टक्के झाले, माफीचा तिसरा हिस्सा तर व्याजातच गेला. पात्र विद्यार्थ्याकडून माफीचा भाग आधी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत, लेखी अर्ज देऊन पोचपावती घ्या, ऐकलं नाही तर योजना ज्या खात्याची आहे त्या विभागाकडं किंवा समाजकल्याणला जा. एससी शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते, तो पैसा घरखर्चात गेला की परीक्षेच्या वेळी हॉल तिकीट अडतं.

तरी कमी पडतंय, मग कर्ज

एकूण खर्चातून नक्की मिळणारी मदत वजा करा, घरातून दरवर्षी खरोखर निघतील ते वजा करा, उरलं तेवढंच कर्ज. जास्त मंजूर होतंय म्हणून जास्त घेऊ नका.

बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिनही (आपण स्वतः घालायचा हिस्सा) नाही, आईवडील सहकर्जदार. ४ ते ७.५ लाखांपर्यंत जामीनदार मागतात आणि देशातल्या शिक्षणाला ५ टक्के आपला हिस्सा, तुम्हाला मिळालेली स्कॉलरशिप त्या हिश्श्यात धरता येते. ७.५ लाखांच्या वर तारण. फी, होस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप हे बसतं पण किरकोळ गोष्टींना मर्यादा असते, डिपॉझिट ट्यूशन फीच्या १० टक्क्यांपर्यंत, पुस्तकं-लॅपटॉप-प्रोजेक्ट वगैरे २० टक्क्यांपर्यंत असं साधारण. बाहेर रूम घेणार असाल तर ते सुरुवातीलाच मंजुरीत लिहून घ्या, नंतर वाढवून मिळत नाही. आणि वडिलांच्या किंवा आईच्या नावावर बचत गटाचं, मायक्रो फायनान्सचं कर्ज थकलं असेल तर ते सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसतं, अर्ज करायच्या आधी ते मिटवा.

व्याजाचा हिशोब असा. दरवर्षी ७५,००० प्रमाणं चार वर्षं उचलले, एकूण ३ लाख, दर १० टक्के धरू. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो पण सरळव्याज चालू असतं. पहिल्या ७५,००० वर पाच वर्षांचं ३७,५००, दुसऱ्यावर ३०,०००, तिसऱ्यावर २२,५००, चौथ्यावर १५,०००. एकूण १,०५,०००. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ४,०५,०००, सात वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ६,७००. पण घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, कोर्स प्रोफेशनल किंवा टेक्निकल असेल, आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मान्यताप्राप्त असेल (या दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. मग हप्ता ५,००० च्या आत येतो. म्हणून कॉलेज निवडताना नॅक आहे का हे विचारणं म्हणजे सरळ लाखभर रुपयांचा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी वेगळी, ती यादीतल्या वरच्या रँकच्या संस्थांसाठी आहे, तिथं विनातारण विनाजामीन कर्ज आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ३ टक्के व्याज सवलत. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघूनच बँकेत जा. मॅनेजर "आमच्याकडं होत नाही" म्हणाला तर भांडू नका, अर्ज ऑनलाइन टाका आणि नकाराचं कारण लेखी मागा.

दुसऱ्या वर्षी आणि कॉलेज बदलताना

मदत एकदा मिळाली म्हणजे चार वर्षं चालू असं नाही. दरवर्षी रिन्यूअल करायचं, दाखला नवा लागतो, हजेरी ७५ टक्के लागते, आणि वर्ष गेलं तर त्या वर्षाची मदत जाते पण फी मात्र लागते. एटीकेटीवर (काही विषय राहिलेले असताना) पुढं गेलात तर त्या योजनेत चालतं का हे सिनियरला न विचारता कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला विचारा.

आणि समजा पुढच्या राउंडला चांगलं कॉलेज लागलं. मुदतीच्या आत ऑनलाइन रद्द केलं तर कॅपच्या नियमानं १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते, मुदत गेली की अवघड होतं, म्हणून रद्द करायची शेवटची तारीख ॲडमिशन घेतलं त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ओरिजिनल कागद कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीचा तसा नियम आहे. देताना तपासून परत घ्या, झेरॉक्सचे तीन सेट घरी ठेवा आणि सगळ्याचं एक स्कॅन आईच्या नाहीतर बहिणीच्या मोबाइलवर पण असू द्या.